लाल टंकीचा पंच

२० जानेवारी, सोमवार

डोकं गरम झालं की कोणाच्या अंगावर जायचं नाही, इथे येऊन लिहायचं, असं आजपासून ठरवलं आहे. कॉलेज सुटलं ते याच डोक्यापायी. सेकंड इयरला हजेरीवरून ऑफिसातल्या बाबूची खुर्ची उलटी केली. तो तेव्हा खुर्चीत होता. माफीनामा लिहून दे म्हणाले, मी चपला घालून घरी आलो. तेव्हापासून गोपाळमामाच्या फोटोकॉपीच्या दुकानात उभा आहे. समोर सरकारी कचेऱ्या. दिवसभर लोकांची आधार कार्डं एका बाजूने छापा, मग दुसऱ्या बाजूने छापा.

आज मात्र भार्गवी आली होती. वसंतकाकांची भार्गवी. त्यांचं देवास गेटला भोजनालय आहे, महाराष्ट्रातून दर्शनाला येणाऱ्या बसगाड्या तिथेच जेवायला थांबतात. ती एलएलबी करतेय. तिच्या कॉलेजच्या फाटकातच दोन झेरॉक्सवाले आहेत, तरी नोट्स घेऊन एवढ्या लांब आमच्याकडे येते. याचा अर्थ न कळायला मी काही लहान नाही.

आज तिने विचारलं, "कोणी हेल्पलाइनला तक्रार केली, तर तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळतं का रे?"

मी सगळं समजावून सांगितलं. आम्ही दुकानात असे अर्ज भरून देतोच. नाव गुप्त ठेवा म्हटलं तर ठेवतात, फोन नंबर लागतो, कारवाई व्हायला महिनाभर धरायचा.

"नक्की ठेवतात?"

"माझी गॅरंटी."

"तुझी गॅरंटी घेऊन काय करू," म्हणाली. अभ्यासाला हवं होतं म्हणे. थँक्यू न म्हणता गेली. थँक्यू परक्यांना म्हणतात.

२६ जानेवारी, रविवार

दुकान बंद. सकाळी वसंतकाकांचा फोन. "विहंग, आईकडे भरलेली टंकी आहे का रे? संध्याकाळी नाशिकच्या दोन बसगाड्या यायच्या आहेत."

आमच्या इथल्या, माळव्यातल्या मराठी लोकांना गॅसची टंकी देणं म्हणजे शेजारी विरजण देण्यासारखं वाटतं. कॉलनीतल्या अर्ध्या घरांच्या लाल टंक्या काकांकडे फिरतात. काका वरती काहीतरी देतात, पाडव्याला श्रीखंड पाठवतात, आणि "आपल्या माणसाचा धंदा आहे" म्हणून सगळे खूश. आई कुरकुरली. मी टंकी बाइकला बांधली आणि निघालो.

काकांनी मागच्या खोलीत ठेवायला सांगितली. तिथे मी पहिल्यांदा गेलो. खिडकी बंद, वर खिळे ठोकलेले. लाल टंक्यांची रांग. एक लाल टंकी उलटी करून निळ्या टंकीच्या डोक्यावर टेकवलेली, मध्ये पितळेची नळी. "याला बंसी म्हणतात," काका कौतुकाने म्हणाले. "घरची स्वस्त लाल घ्यायची, हॉटेलच्या महाग निळीत उतरवायची. वर निळी तीन हॉटेलांना पोचवतो. समजलं? धंदा शिक जरा." वास असा की डोळ्यांना पाणी आलं. दाराला लागूनच भार्गवीच्या आईची, सुमनकाकूंची शेगडी. काकूंची एक भुवई अर्धी जळलेली, कपाळावरचे केस आखूड.

"काय झालं काकू?"

"काही नाही. मागच्या हप्त्यात भडका उडाला जरासा."

"घाई फार यांना," काका म्हणाले. "मी सांगितलं होतं, नळी काढताना काडी ओढू नको."

बाहेर येताना भार्गवी समोर. माझ्या खांद्यावर टंकी घेतल्याचा काळा डाग पडला होता, तो तिने पाहिला. म्हणाली, "तूपण?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी काय पण!"

ती तडक आत गेली. लाजली असावी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते आजच लिहून काढतो.

दुपारी बारा-साडेबाराला दुकानात तुफान गर्दी. त्यात समोरच्या पुरवठा कचेरीतल्या छाप्यावाल्या साहेबांचा माणूस आला. "चलो भैया, दो लोकल आदमी चाहिए. साइन ही तो करना है." ही इथली रीत आहे. कुठे जप्ती झाली की पंच म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साहेबांना भर बाजारात पंच शोधत बसायचा कंटाळा, म्हणून कचेरीसमोरचे आम्ही. मी आणि शेजारचा चहावाला दिलीपभैया. आधीही केल्या आहेत मी. कधी केरोसिन, कधी खव्यातली भेसळ. मामा सांगतो, कर, यांच्या ऑफिसच्या कामावर आपलं दुकान चालतं. नाव लिहायचं, बापाचं नाव लिहायचं, सही ठोकायची. कागदाच्या वरच्या भागावर माणसाने हात ठेवलेला असतो, आपल्याला फक्त खालची रेघ दिसते.

सही केली. त्याने हात उचलला. वर लिहिलेलं: वसंत भोजनालय, देवास गेट, घरगुती सिलेंडर अठरा नग, भरने का पाइप एक. आणि 'हमारे समक्ष'. म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर जप्त झालं!

मी ओरडलो, "कागज वापस दो!" तो म्हणाला, "अरे क्या हो रिया है भैया तेरेको?" आणि स्कूटरला किक मारून गेला.

बाइकवरून देवास गेटला पोचलो. टंक्यांची पिकअप केव्हाच निघून गेलेली. मागच्या खोलीत फरशीवर नुसते गोल गोल डाग. काका गल्ल्यावर बसून सगळ्या जगाला शिव्या देत होते. नळी, शेगड्या, तीन निळ्या टंक्या, सगळं नेलं.

नशीब म्हणजे काकू आणि भार्गवी घरी नव्हत्या. भार्गवी काकूंना सकाळी दहालाच रामघाटावर घेऊन गेली होती. काकू जेवणाच्या वेळी भोजनालय सोडून कधी कुठे गेल्या नाहीत, सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या आणि परत आल्या होत्या. आज नेमक्या नदीवर! देवाची कृपाच म्हणायची. दीडला परत आल्या, काकूंच्या साडीचे काठ ओले. भार्गवीने खोलीत डोकावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कोणाला लागलं वगैरे नाही ना?"

धक्क्याने माणूस असा शांत होतो.

माझ्या सहीचं मी काही बोललो नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आमचीपण टंकी गेली. आई इंडक्शनवर पोळ्या करतेय. एक पोळी कच्ची, एक कोळसा.

"आता नवीन टंकी बुक होईना, म्हणतात आधी रिकामी परत करा. काय सांगू, सरकारने नेली?" माझ्या सहीची बातमी दिलीपभैयाच्या ठेल्यावरून तिच्यापर्यंत पोचलीच होती, म्हणून परत, "आणि साक्षीदार कोण, तर आमचे चिरंजीव! स्वतःच्या टंकीच्या जप्तीवर स्वतः सही करणारा माणूस अख्ख्या माळव्यात दुसरा नसेल."

बरोबर आहे तिचं. पण प्रत्येक पोळीला का ऐकवायचं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवरात्र झाली. शहरात पाय ठेवायला जागा नाही, आणि वसंतकाकांचं भोजनालय बंद. तिथले यात्रेकरू समोरच्या हॉटेलात. हे बघून माझं रक्त उकळलं. कोणीतरी चुगली केल्याशिवाय साहेब बरोबर मागच्या खोलीत कसे शिरले?

माझा संशय सौरभवर होता. हा गॅस एजन्सीचा डिलिव्हरीवाला, भार्गवीला येता-जाता "नमस्ते वकीलसाहिबा" म्हणतो. संध्याकाळी टावर चौकात कचोरी खाताना सापडला. कॉलर धरली.

"तूने शिकायत की ना?"

"पागल है क्या बे? मेरे सबसे बड़े गिराक थे! बंद पड़े कनेक्शनों की टंकियाँ मैं ही तो देता था उनको. छापे के बाद से मैं खुद मुँह छिपाता घूम रिया हूँ." मग कचोरी पुढे करून म्हणाला, "ले, खा. और धीरे बोल."

माणूस खोटं बोलत नव्हता. कचोरी खाल्ली. आता संशय समोरच्या हॉटेलवाल्यावर.

१५ मार्च, शनिवार

नोटीस आली. जप्त माल सरकारजमा करायचा की परत द्यायचा, याची मोठ्या साहेबांसमोर सुनावणी आहे, तिथे पंच म्हणून हजर राहा. इथे काका हरले की पुढे पोलिसात केस. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, लोक त्याला तीन-सात म्हणतात. सात वर्षांपर्यंत आत टाकता येतं.

छाप्याचा व्हिडिओ केला होता म्हणे, पण साहेबांचा मोबाईल गरम होऊन बंद पडला आणि त्यात सगळं उडालं. म्हणून सगळं आता आम्हा दोन पंचांवर. दिलीपभैयाला विचारलं, तू काय सांगणार? तो म्हणाला, "जो साहब बोलेंगे वो बोल दूँगा. मेरेको ठेला यहीं लगाना है."

मामाचंही तेच. "बघितलं म्हण. होत्याच ना टंक्या? मग खोटं कुठे झालं? उगाच साहेबांशी वैर घेतलंस तर दुकान गुंडाळावं लागेल. तुझी मामी आणि दोन पोरं कुठे जातील?"

म्हणजे खोटी शपथ घेऊन खरी गोष्ट सांगायची. आणि शपथेवर खरं सांगितलं, मी बघितलं नाही, की खरा गुन्हेगार सुटणार. आणि तो गुन्हेगार भार्गवीचा बाप! डोकं फुटायची वेळ आली आहे. जो कोणी हा कायदा आणि ही दुनिया बनवली, त्याने दोघांची आपसात ओळख करून द्यायला हवी होती.

१९ मार्च, बुधवार

वसंतकाका घरी आले. हातात मिठाईचा डबा. आईने पाणी दिलं, पण चहा विचारला नाही.

"बेटा, मी तुला खोटं बोलायला सांगणार नाही," काका म्हणाले. "तू फक्त खरं बोल. तू तिथे होतास का? नव्हतास. संपलं. माणसाने नेहमी सत्याला धरून राहावं."

ज्या माणसाने यात्रेकरूंना कधी पक्कं बिल दिलं नाही, तो मला सत्याचे धडे देत होता आणि मला एकही चूक काढता येईना! जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तर घरचाच मुलगा. भार्गवीचंही आता बघायचंच आहे."

आई दार लावून म्हणाली, "पाघळलास?"

मी मिठाईचा डबा उघडला. पाघळलो होतो.

२ एप्रिल, बुधवार

भार्गवी दुकानात आली. आज नोट्स नव्हत्या, एक जुनी मार्कशीट घेऊन आली होती. मामा बँकेत गेलेला. मी सरळ विचारलं, मी काय सांगू?

"मी आरोपीची मुलगी आहे. मला विचारू नकोस."

"तू वकील होणार आहेस."

"मग वकिलासारखं सांगते. जेवढं विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. तू जप्ती पाहिलीस का? नाही. तर नाही म्हणायचं. बघितलं म्हणालास तर ती खोटी साक्ष. बाबांच्या विरुद्ध असली तरी खोटीच."

"आणि जे विचारणार नाहीत, पण मला माहीत आहे? ती खोली? नळी?"

तिने मार्कशीट मशीनच्या काचेवर ठेवली. मग म्हणाली, "ते तुझं तू बघ. मी सांगितलं म्हणून काही करू नकोस. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही. कळलं?"

"तुझी काय इच्छा आहे ते तरी सांग."

"आई परवा पहिल्यांदा दुपारी झोपली," ती म्हणाली.

मी काय विचारतो, ही काय सांगते! मार्कशीटची कॉपी तशीच ठेवून गेली. बिचारीच्या डोक्यावर किती ताण आहे. भोजनालय बंद, धंदा बंद, आणि वर माझ्यासारखा पंच. ठरलं. मी फक्त "नाही पाहिलं" एवढंच सांगणार, काका सुटणार, आणि मग बघू कोण कोणाचं बघतो ते.

८ एप्रिल, मंगळवार

सुनावणी पुढे ढकलली. साहेब मीटिंगला. दिवसभर बाकावर बसलो, दिलीपभैयाने तिथेही तीन जणांना चहाची ऑर्डर विचारली.

२२ एप्रिल, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

दिलीपभैया आधी. सगळं समोर बघितलं म्हणाला. काकांचे वकील त्रिवेदी, म्हातारे, पान खाणारे. त्यांनी विचारलं, खोलीला दरवाजे किती? "चार." खोलीत बल्ब होता का? "झूमर था, साहब." सगळे हसले. मोठे साहेबही.

मग मी. शपथ घेतली. पंचनाम्यावर सही तुमची? माझी. जप्ती तुमच्यासमोर झाली? मी म्हणालो, "नाही. सही दुकानात केली. मी तिथे नव्हतो."

छाप्यावाले साहेब माझ्याकडे असे बघायला लागले की मामाचं दुकान मला डोळ्यांसमोर गुंडाळलेलं दिसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "लड़की का चक्कर है." ऐकू येईल असंच म्हणालं. कानशिलं तापली, पण मी कोणाच्या अंगावर गेलो नाही. खरं तेच बोललो होतो ना! आयुष्यात पहिल्यांदा सरळ खरं बोललो, तर सगळ्यांना मी विकलेला वाटलो. काका मान हलवत होते, जणू माझ्या पाठीवरून हात फिरवतायत. भार्गवी दाराजवळ, काकू तिच्या शेजारी, डोक्यावर पदर.

तिथे थांबलं असतं तर संपलं होतं. पण त्रिवेदींना जिंकूनही समाधान नाही. उठून म्हणाले, "श्रीमान, सारा मामला मनगढ़ंत है. मेरे मुवक्किल के यहाँ लाल टंकी कभी आई ही नहीं. जिस कमरे को गोदाम बताया जा रहा है, वह तो परिवार का पूजाघर है. मुवक्किल की धर्मपत्नी वहाँ रोज़ दीया जलाती हैं."

दीया! त्या खोलीत! मला काकूंची ती अर्धी भुवई दिसली. अजून पूर्ण उगवलेली नाही. आणि काकू मान खाली घालून उभ्या होत्या, जसं काही त्या रोज खरंच दिवा लावतात.

पुढचं मी बोललो की माझ्या डोक्याने, सांगता येत नाही. "पूजाघर? तिथे दिवा लावला असता तर अख्खं देवास गेट उडालं असतं!"

मोठे साहेब म्हणाले, "आप तो वहाँ थे नहीं."

"छाप्याच्या दिवशी नव्हतो. २६ जानेवारीला होतो. मी स्वतः टंकी नेऊन ठेवली. आमच्या घरची, लाल. शेजारी बंसी लावलेली होती. काकू तिथेच दारात स्वयंपाक करतात, खिडकीला खिळे आहेत, जाऊन बघा!"

टाइप करणाऱ्या बाबूचे हात थांबले. "आपकी टंकी?" त्याने विचारलं. "मतलब ये भी लिखूँ?"

"लिहा," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. पण त्याला कळलं.

काका उठून माझ्या अंगावर आले, त्रिवेदींनी त्यांना धरलं. छाप्यावाले साहेब खूश व्हावेत, तर तेही नाही. त्यांना आता खोट्या पंचनाम्याबद्दल वेगळं स्पष्टीकरण द्यायचं आहे. म्हणजे एका दिवसात मी एकही माणूस खूश ठेवला नाही. टंक्या सरकारजमा. काकांवर केस करायचा आदेश. आणि घरगुती टंकी धंद्याला दिली म्हणून मलाही नोटीस.

दारातून बाहेर पडताना भार्गवीकडे बघायची हिंमत झाली नाही. संपलं सगळं.

२३ एप्रिल, बुधवार

मामाने दुकानात येऊ नको म्हणून सांगितलं. "आठ दिवस," म्हणाला, मग, "महिनाभर."

आई एक शब्द बोलत नाही. याच्यापेक्षा पोळ्यांबरोबरची ती बोलणी परवडली.

२६ एप्रिल, शनिवार

भार्गवीचा फोन. "आई जेवायला बोलावतेय. बाबा इंदूरला मोठ्या वकिलाकडे गेलेत." मी म्हटलं, विष घालणार असतील तर आईचा निरोप घेऊन येतो. "ये मुकाट्याने," म्हणाली.

गेलो. भोजनालय उघडं होतं, चार-पाच यात्रेकरू जेवत होते. शेगडीला निळी टंकी, पावती भिंतीला चिकटवलेली. मागच्या खोलीचं दार सताड उघडं. खिडकीचे खिळे काढून टाकलेले, उन्हाचा चौकोन फरशीवर पडलेला, आणि तिथे चटई टाकून काकू तांदूळ निवडत बसलेल्या. मला बघून उठल्या.

मी पायाच पडलो. "काकू, चुकलं. तोंडाला लगाम नाही माझ्या."

"हात धुऊन घे," म्हणाल्या.

वरण-भात वाढला, वर तुपाची एवढी मोठी धार. मी नको नको म्हणत होतो तरी दुसऱ्यांदा. ज्या बाईचा नवरा मी कोर्टात बुडवला, ती मला तूप वाढतेय! या घराचं मला काही कळत नाही. देवमाणूस आहेत काकू, एवढंच म्हणेन.

भार्गवी समोर बसली होती. म्हणाली, "नोटिशीला उत्तर द्यायला चांगला वकील बघ. मी एक नाव देते. आणि स्वतःहून काही बोलू नकोस आता. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"तू रागावली नाहीस?"

"रागावलेय. खूप लोकांवर." मग, "तुझा नंबर त्यात नाही."

काहीतरी करून दाखवावं असं इतकं वाटलं की मी ताट बाजूला सारलं आणि तिला वचन दिलं. म्हणालो, "हे सगळं ज्याच्यामुळे झालं त्याला मी सोडणार नाही. समोरचा हॉटेलवाला असो नाहीतर आणि कोणी. तुमच्या घराची चुगली ज्याने केली ना, त्याला शोधून काढतो आणि चौकात उभा करतो. बघच तू."

काकूंच्या हातातलं तुपाचं भांडं ताटावर आपटलं. भार्गवी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांना पदर नाही म्हणून ओढणी लावली, यात्रेकरू वळून बघायला लागले. इतक्या महिन्यांत तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. बोलता येईना तिला. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "सापडला ना, तर आधी मला सांग."

सांगतो म्हणालो. निदान या एका बाबतीत तरी आमचं दोघांचं एकमत आहे.